सर्जेरावांचं टायर काढायचं मशीन

आमचे शेजारी सर्जेराव माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, चाकाकडे बघतात.

दारात कोणी मोटरसायकल लावून रामराम घातला, की हे आधी वाकून तिच्या टायरवर अंगठा दाबतात. "बावीस पौंडच हाय की रं. आलास कसा असा?" त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाचं नावगाव विचारायच्या आधी हे जीपच्या मागे जाऊन आले आणि चारचौघांत म्हणाले, "डावा टायर एका अंगानं झिजलाय. घरात लक्ष न्हाई ह्यांच्या." लग्न ठरलं, पण त्या पाहुण्यांनी पुढे पाच वर्षं ह्यांच्या घरचा चहा घेतला नाही.

यात सगळाच दोष त्यांचा नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सारी नोकरी झाली. काट्याची खोली खड्ड्यात, खिडकी बुटकी. उसाची ट्रॉली आली की बसल्या जागेवरून ह्यांना फक्त चाकं दिसायची. ड्रायव्हरचं तोंड दिसायचं नाही, टायर किती दबलाय ते दिसायचं. त्यावरून काटा बघायच्या आधीच हे वजन सांगत आणि फारसं चुकत नसत, असं ते स्वतःच सांगतात. "वैनी, तोंड खोटं बोलतंय, टायर न्हाई," हे मला ऐकवायचं त्यांचं ठरलेलं वाक्य. बायकोच्या दहाव्याला आलेल्या माणसांनाही त्यांनी ते ऐकवलं होतं.

मालन, म्हणजे त्यांची बायको, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी शैला पुण्यात असते. इथे कुंडल गावात आमच्या दोघांच्या अंगणात मधे कमरेएवढी भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे मी एकटी, पलीकडे ते एकटे. मला त्याचं काही वाटत नाही. सकाळी उठावं, आपलं काम करावं.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी व्हॅन आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन सांगलीला झालं, तेव्हा त्यांनी मला त्या व्हॅनमधून नेलं. परत येताना पलूसच्या अलीकडे मागचं चाक बसलं. त्यांनी ऐटीत स्टेपनी काढली. स्टेपनीतही हवा नाही.

मी एका डोळ्यावर पट्टी बांधून बाभळीखाली बसलेली. मी म्हणाले, "भावजी, साऱ्या गावाच्या चाकांवर अंगठा दाबत फिरता. हितं कवा दाबणार हुता?"

त्यांनी स्टेपनीवर अंगठा दाबला, परत दाबला, मग शांतपणे म्हणाले, "पंक्चरवाल्यानं ट्यूब चिमटलीया." टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी दांडी. ती पंक्चरवाल्याने घाईने घातली आणि आतली ट्यूब तिच्यात सापडली, असं त्यांचं म्हणणं. खरं असेल. पण आम्ही तीन तास उन्हात होतो, हेही खरं.

नेमका तेव्हाच शैलाचा फोन आला. सर्जेराव गाडीखाली होते म्हणून मी घेतला आणि जे होतं ते सांगितलं.

त्या दिवसापासून दर रविवारी दहाला भांडण सुरू झालं. सर्जेराव फोन कानाला लावत नाहीत, हातात ताटासारखा धरतात. त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू येतं.

"आबा, गाडी विका आणि इकडं या."

"इकत न्हाई."

"वय काय तुमचं?"

"टायरचं वय बघत्यात गं, माणसाचं न्हाई."

"रस्त्यात काही झालं असतं तर? काकू बरोबर होत्या."

"काकू दगडावानी हाय. तिला काय हुतंय?"

तासभर चालायचं. शेवटी एका रविवारी शैलानं अट घातली. बापावर गेलेली पोरगी, मधलं काही तिला चालत नाही. "दसऱ्याला येते. चाक काढायचं, टायर रिंगेतून सोडवायचा, ट्यूब बदलायची आणि परत बसवायचं. एकट्यानं. पंक्चरवाला नाही, कुणाचा हात नाही. जमलं तर गाडीचं नाव परत काढणार नाही. नाही जमलं तर किल्ली माझ्याकडं आणि तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला."

"ठरलं," सर्जेराव म्हणाले.

फोन ठेवून ते भिंतीपाशी आले. "वैनी, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर ऱ्हात्यात ती. खिडकीतनं चाकं दिसत न्हाईत, नुसती टपं दिसत्यात." एवढंच म्हणाले आणि आत गेले.

सत्तरीच्या माणसाच्या खांद्यात नुसत्या टॉमीनं टायर काढायची ताकद नसते. त्यांनी करून बघितलं. टायर तसाच राहिला, ह्यांचा खांदा तेवढा आठ दिवस शेकावा लागला. मग कुणीतरी त्यांना हाताने चालवायच्या मशीनबद्दल सांगितलं. लोखंडी बूड, त्यावर मधोमध खांब. खांबावर चाक आडवं अडकवायचं, बाजूच्या दांड्याने टायरची कड दाबून रिंगेपासून सोडवायची, मग लांब दांडी घालून खांबाभोवती फिरायचं. ताकद कमी लागते, फेऱ्या जास्त.

पहिलं मशीन त्यांनी फोनवरून मागवलं. खोक्यातून आलं ते मोटरसायकलच्या चाकाचं निघालं. व्हॅनची रिंग त्यावर ठेवली, तर भोकात खांब असा डुलत होता जसा रांजणात रवी. मी म्हणाले, "माप बघितलं न्हाई?" ते म्हणाले, "फोटूत मोठं दिसत हुतं."

त्यानंतर मात्र त्यांनी फोटोवर विश्वास ठेवला नाही. व्हॅनची एक रिंग टायरसकट काढून घ्यायची, पोत्यात घालायची आणि एसटीने निघायचं. कंडक्टर म्हणाला, "आवं आबा, ह्याला सामानाचं तिकीट लागंल." सर्जेराव म्हणाले, "तिकीट फाड, पण खाली ठेवणार न्हाई. स्थळ बघाय चाललोय. पोरगी संगं पाहिजे." आणि चाक मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.

सांगलीच्या दुकानात त्यांना विजेवरचं मशीन दाखवलं. बटण दाबलं की काम झालं, असं दुकानदार म्हणाला. ह्यांनी विचारलं, "आणि लाइट गेल्यावर?" दुकानदार म्हणाला, "लाइट आल्यावर करायचं." सर्जेरावांनी चाक उचललं आणि बाहेर पडले. दुसऱ्या दुकानातलं हाताचं होतं, पण बूड पातळ पत्र्याचं. तिसऱ्याची दांडी आखूड. "दांडी आखूड म्हंजे खांदा माझा जाणार," म्हणाले.

शेवटी इस्लामपूरला एका गॅरेजात मनासारखं मिळालं. गॅरेजवाल्यानं नवीन घेतलं होतं आणि जुनं कोपऱ्यात पडलं होतं. त्या दिवशी मीही होते, कारण मला तिथे बहिणीकडे जायचं होतं. सर्जेरावांनी रिंग खांबावर ठेवली. घट्ट बसली. बुडावर उभे राहिले, वाकलं नाही. मग दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळले. गॅरेजवाला म्हणाला, "आबा, झोपाळा न्हाई त्यो." हे लोंबकळतच म्हणाले, "मला पेलतोय म्हंजे टायर पेलंल."

घरी आणल्यावर पहिला घोटाळा. मशीन जमिनीला बोल्टनं आवळावं लागतं. ह्यांनी शेडमधल्या शहाबादी फरशीला भोकं पाडून आवळलं. दांडी फिरवली तर टायर जागचा हलला नाही, फरशी उचलून आली. फरशी, मशीन, चाक आणि सर्जेराव, सगळेच एकदम गोल फिरले. मी भिंतीवरून बघत होते. हसू आलं ते हसले.

त्यांना राग आला नाही. पहार आणून फरशी काढली, दोन फूट खणलं, खडी-सिमेंट ओतलं, त्यात बोल्ट उभे पुरले. वर गोणपाट टाकून एकवीस दिवस पाणी मारलं. दोन दिवस ते वाईला गेले, तेव्हा पाणी मी मारलं. निघताना तीनदा सांगून गेले, "वैनी, वाळू दिऊ नका." मालनच्या तुळशीला पाणी घालायला सांगायचं मात्र ते विसरले. ते मी न सांगता घातलं.

मग सराव. टायरची कड सुटायला साबण लागतो. ह्यांनी रिठ्याचं फेसाळ पाणी केलं. पहिल्या आठवड्यात तीन ट्यूबा चिमटल्या. तेच, ज्यावरून पंक्चरवाल्याला उन्हाळ्यापासून नावं ठेवली. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "त्यानं घाईनं चिमटली. मी सावकाश चिमटली." चौथी ट्यूब मात्र नीट बसली. दसऱ्याला अजून चार दिवस होते.

खंडेनवमीला सकाळी त्यांनी मशीन धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुपारी शैला आली. बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "चला आबा, दाखवा."

सर्जेराव म्हणाले, "आज न्हाई."

"का?"

"पूजेत हाय. पूजेतलं हत्यार उद्यापातूर उचलत न्हाईत."

"मला उद्या सकाळी आठला निघायचंय. सासरी दसरा आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. "काकू, कारणं सांगतायत ना हे?"

मी म्हणाले, "पूजा केलीया त्यांनी. मी बघितलीया. आता ते ऐकणार न्हाईत."

दसऱ्याला उजाडताच आम्ही तिघं शेडमध्ये. सर्जेरावांनी अंघोळ करून मशीनवर अक्षता टाकल्या आणि थांबले. मी विचारलं, आता काय?

"पूजा हलवाय पाहिजे."

पूजा उतरवायची तर वस्तू जागची हलवावी लागते. देव पाटावरून जरा सरकवतो तसं. आणि हे मशीन तर दोन फूट सिमेंटात पुरलेलं. भूकंप आला तरी हलणार नाही, असं ह्यांनीच गावभर सांगितलं होतं. शैला घड्याळ बघायला लागली. सर्जेराव खांबाला धरून खरोखर हलवायला लागले.

मी म्हणाले, "आवं, दांडा हलवा. दांडा हलला म्हंजे मशीन हललं. देवाला कळतंय तेवढं."

त्यांनी दांडा वरखाली केला, हात जोडले, माळ काढून व्हॅनच्या आरशाला घातली आणि कामाला लागले.

जॅक लावला. चाक काढलं. हवा सोडली. चाक खांबावर आवळलं. दांड्याने कड दाबली, ती फट् करून सुटली. रिठ्याचा फेस, लांब दांडी, खांबाभोवती एक फेरी. टायर निघाला. ट्यूब बदलली. नवीन ट्यूबेत आधी थोडी हवा भरली, म्हणजे ती चिमटत नाही. इथवर सगळं बरोबर.

परत बसवताना शेवटचा वीतभर भाग आत जाईना. दांडी निसटली आणि त्यांच्या मनगटावर बसली. परत घातली, परत निसटली. खांदा दुखत होता, ते दिसत होतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शैला एकदम पुढे झाली. मी तिचा दंड धरला.

"हात लावलास तर ते हरले."

"काकू, त्यांना लागेल."

"लागू दे. उभी ऱ्हा."

सर्जेराव थांबले. दांडी खाली ठेवली. चाकाभोवती चालत गेले, वाकून दुसऱ्या बाजूला बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, "समोरची कड वरच ऱ्हायलीया. रिंगेच्या खोलगटात गेल्याशिवाय हिकडं जागा कशी हुईल?" मग समोरच्या बाजूवर दोन्ही गुडघे टेकवून बसले. सत्तरीचा माणूस चाकावर गुडघे टेकून बसलेला आणि हात लांबवून दांडी ओढतोय. टायर आत गेला. आवाजसुद्धा झाला नाही. पायपंपाने हवा भरून चाक गाडीला लावलं, तेव्हा साडेसात झाले होते.

शैलाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तसलं आवडत नाही, म्हणून मी चहा ठेवायला गेले. निघताना ती म्हणाली, "जिंकलात आबा. शब्द म्हणजे शब्द. आता गाडीबद्दल एक अक्षर बोलणार नाही."

सर्जेरावांनी आठवडाभर गावाला ऐकवलं. गुडघे टेकवून दाखवलं. देवळासमोर एकदा, न्हाव्याच्या दुकानात एकदा.

रविवारी दहाला ते कट्ट्यावर फोन घेऊन बसले. साडेदहा झाले. "रेंज न्हाई वाटतं," भिंतीवरून म्हणाले. माझ्या फोनला रेंज होती. अकराला फोन आला. जेवलात का, हो. तब्येत बरी का, हो. पाऊस आहे का, नाही. ठेवते. दोन मिनिटं झाली नसतील.

पुढच्या रविवारीही तेच. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ तिथेच बसले. त्या दिवशी वरच्या गल्लीतला एकजण मोटरसायकल घेऊन दारात आला आणि गेला. त्यांनी वाकून बघितलं नाही.

"वैनी," थोड्या वेळानं म्हणाले, "आदी तासभर बोलायची. आता काय बोलणार ती तरी? शब्द दिलाय तिनं." मग हसल्यासारखं केलं. "पोरगी शब्दाची पक्की हाय."

मी म्हणाले, "जेवा जावा."

तिसऱ्या रविवारी पावणेदहाला मी आत जाऊन शैलाला फोन लावला.

"शैला, तुझ्या बानं आता ट्रॅक्टरचा मागला टायर काढायचं मनावर घेतलंय. मोठं मशीन बघाय जाणार हाय."

"काय? आणि तुम्ही गप्प बसलात काकू?"

"माझं कोण ऐकतंय? तू बघ काय ते. गाडीबद्दल बोलणार न्हाई म्हणालीस, ट्रॅक्टरबद्दल काय म्हणाली न्हाईस."

फोन ठेवून मी सूपात डाळ घेतली आणि अंगणात येऊन निवडत बसले. पलीकडे फोन वाजला.

"कसला ट्रॅक्टर?" सर्जेराव म्हणाले.

फोनमधून शैलाचा आवाज चढला. मग त्यांनी मान वळवून भिंतीवरून माझ्याकडे बघितलं. मी डाळीतला खडा शोधत होते. वर बघितलं नाही.

"व्हय, काढणार हाय!" ते एकदम गरजले. "मागला मोठा टायर! तू कोण इचारणार?" आणि चपला काढून, मांडी घालून, कट्ट्यावर नीट बसले.

तासाच्या वर चाललं. मधे एकदा उठून मी भिंतीवरून त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ओरडून घसा बसला होता.