बिराजदारांची सेकंड शिफ्ट

बिराजदारांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळत नाही, पाण्याचा रिपोर्ट मिळतो. आपण दारात चपला काढत असतो तेव्हा ते हातातली काचेची नळी उजेडात धरून सांगतात, "अमोनिया शून्य. पीएच सहा पूर्णांक आठ. तापमान अठ्ठावीस. बसा." मग आपण बसायला जागा शोधतो आणि बसायला काहीच नाही हे लक्षात येतं. सोफा, टीपॉय, टीव्हीचं कपाट, सगळं त्यांनी विकून टाकलंय. हॉलभर पसरली आहे ती आठ फूट लांब, चार फूट रुंद काचेची टाकी, तीही जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. टाकीतला मासा तळाशी राहतो, तेव्हा बघणाऱ्यानेही तळाशीच बसावं असा त्यांचा न्याय आहे. माझे गुडघे हा न्याय गेली पाच वर्षं सोसतायत.

रहाटणीतल्या आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर आमची दारं समोरासमोर आहेत. मी शाळेत भूगोल शिकवतो. ॲमेझॉनचं खोरं फळ्यावर काढता काढता माझे केस पिकले, पण त्या खोऱ्यातलं काही डोळ्यांनी बघायला मिळालं ते समोरचा उंबरा ओलांडल्यावर. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत राहणारा हा स्टिंगरे मासा. चपटा, गोल, तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके. आमची ही त्याला शेपूट फुटलेली करपकी भाकरी म्हणते. शेपटीवर विषारी काटा असतो, म्हणून मी पहिल्या दिवशी जरा लांबच बसलो होतो.

"काटा हाय, पण उगीच मारत नाय," बिराजदार म्हणाले. "आपण पाय दिला तरच मारतंय. एवढं तर माणसालाबी जमत नाय."

बिराजदार मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेन्टेनन्सला होते. नोकरी संपली, पण कारखाना काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. टाकीला ते 'मशीन' म्हणतात. पंप अडकला की 'ब्रेकडाउन'. हा मासा हीटरवर जाऊन निवांत पडतो आणि पोट भाजून घेतो, म्हणून हीटरला जाळी लावली आहे. ऑपरेटरला अक्कल नसली की गार्ड लागतंच, हे त्यावरचं त्यांचं भाष्य. महिन्यातून एक-दोन गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यासाठी त्यांनी इन्व्हर्टर घेतलाय. तो पंपाला आहे, पंख्याला नाही. मे महिन्यातल्या गुरुवारी मासे मजेत असतात आणि मालक पेपरने वारा घेत असतात.

मासे दोन. नराचं नाव फर्स्ट, मादीचं नाव सेकंड, कारखान्यातल्या शिफ्टवरून. फर्स्ट सकाळी सातला जेवतो. सेकंड दुपारी तीनच्या आधी तोंड लावत नाही.

स्वतः बिराजदार पक्के लिंगायत. ज्या कढईत कुणी कधी बोंबील तळला असेल त्या कढईतली भजी नकोत, म्हणून हॉटेलची पायरी चढत नाहीत. पण दर रविवारी पिंपरीच्या मासळी बाजारात जाऊन, श्वास रोखून, एकेक कोळंबी चष्म्यापाशी धरून तपासतात. दहातल्या चार 'रिजेक्ट' करतात. कोळीणबाईंनी एकदा मला विचारलं होतं, की हे काका एवढं पारखून नेतात तर कालवण नक्की कसं करतात. मी सांगितलं, कच्चीच देतात, चिमट्याने भरवतात. तेव्हापासून त्या माझ्याकडेही संशयाने बघतात.

सगळ्यात पाठ झालेलं त्यांचं वाक्य म्हणजे, "रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय." हा कारखान्यातला नियम. आपली शिफ्ट संपली तरी पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन मशीन ताब्यात घेईपर्यंत हलायचं नाही. या नियमापायी बिराजदार तीन वर्षांत अर्ध्या दिवसाहून जास्त घराबाहेर राहिलेले नाहीत. तळेगावला सख्ख्या भाच्याचं लग्न होतं. अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आले, कारण मशीनवर कुणी नव्हतं. मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये रंगवून सांगतो आणि हशा घेतो. म्हणजे, सांगायचो.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, मेघाचा, मला नांदेडहून फोन आला. तिला मुलगी झाली होती. बारसं ठरलं होतं आणि बाबा येत नाही म्हणत होते. आई गेल्यापासून, म्हणजे सुरेखावहिनींना जाऊन आता तीन वर्षं झाली, ते एकदाही तिच्या घरी गेले नव्हते. मेघा रडली नाही. नुसतं म्हणाली, "काका, आता मी शेवटचं बोलावतेय. त्यांना मासे सांभाळायचेत तर सांभाळू देत. परत नाही बोलावणार."

मी तसाच समोर गेलो आणि बिराजदारांना सांगितलं की चार दिवस मी बघतो तुमचं मशीन. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कोळंबीला न्याहाळतात तसं, आणि आठ दिवसांच्या ट्रेनिंगवर घेतलं.

पहिल्या दिवशी साबणाच्या वासामुळे माझे हात रिजेक्ट झाले. दुसऱ्या दिवशी अंगठी. तिसऱ्या दिवशी मी मदत म्हणून नळाखाली बादली भरली आणि थेट टाकीकडे निघालो. बिराजदार आडवे आले. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते आधी ड्रममध्ये मुरवायचं, त्यातलं क्लोरीन घालवायचं, मग तपासायचं, मग टाकीत. नाहीतर दोन्ही मासे तासाभरात उलटे. त्यांनी बादली माझ्या हातातून घेतली, बाहेरच्या जास्वंदीला घातली आणि मला घरी पाठवलं. पस्तीस वर्षं मुलांना वर्गाबाहेर काढणाऱ्या माणसाला दोन दारांमधला तो पॅसेज फार लांब वाटला. पण चौथ्या दिवशी त्यांनीच बेल वाजवली. आठव्या दिवशी सेकंडने माझ्या चिमट्यातली कोळंबी घेतली, तेव्हा बिराजदार म्हणाले, "पास." मला निवृत्तीचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

निघायचा दिवस आला. गाडी संध्याकाळची होती, पण ताबा दुपारी तीनलाच द्यायचा होता. मी पावणेतीनला हजर झालो. बिराजदार आत शर्ट बदलत होते. टाकीच्या कठड्यावर लांबट रजिस्टर पडलं होतं. रोज ते त्यात काहीतरी लिहितात एवढं मला माहीत होतं. मी सहज मागची पानं उलटली.

सुरुवातीच्या पानांवर दोघांची हस्ताक्षरं होती. सकाळच्या रकान्यात बिराजदारांचं ताठ, आकडेमोडीचं. 'रिलीव्हर' लिहिलेल्या रकान्यात वहिनींचं गोल, उतरतं. 'दोघांनी खाल्लं. सेकंड खुशीत.' 'पंपाचा आवाज येतो, यांना सांगितलं, यांना येत नाही.' 'सेकंडने पाणी उडवलं, साडी भिजली. हे हसले.'

मागून आवाज आला. "तिनंच मागून घेतली होती शिफ्ट." बिराजदार दारात उभे होते. "म्हणाली, तीस वर्षं तुमच्या शिफ्टवर मी स्वयंपाक केला. आता मलाबी एक द्या. मग तीननंतरचं मशीन तिच्याकडं. सेकंडला तिनंच सवय लावली."

मी पान उलटलं. वहिनींचं अक्षर एका मंगळवारी थांबलं होतं. त्याच्यापुढे त्या रकान्यात बिराजदारांच्या अक्षरात एकच ओळ होती. 'तीन वाजले. रिलीव्हर आली नाही. ड्युटी चालू.' दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्या दिवशीही. मी पानं उलटत गेलो. दिवाळीला तीच, संक्रांतीला तीच, तळेगावच्या लग्नादिवशीही तीच. फक्त त्या दिवशी 'तीन वाजले' ऐवजी 'तीन वाजून दहा' होतं, आणि उशिराबद्दल क्षमस्व.

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. तीन वर्षं मी ज्या वाक्यावर हशा घेत होतो ते वाक्य हा माणूस रोज पाळत होता.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. बिराजदारांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी घाईघाईने पेन काढलं आणि रिलीव्हरच्या रकान्यावर टेकवणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिथं नका."

मग त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली. समासाच्या जागेत, कडेला, एक सरळ उभी रेघ मारली आणि त्या अरुंद रकान्यावर लिहिलं, 'बदली'.

"कंपनीत कायमचा माणूस रजेवर असला की बदली कामगार घेतात," ते म्हणाले. "तुम्ही बदली. इथं सही करा."

मी सही केली. त्यांनी ती नीट वाचून बघितली. मग वहिनींच्या रकान्यात पेन नेलं आणि थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिथे वेगळा शब्द लिहिला. 'रजेवर.'

त्यानंतर ते लगबगीने निघाले. रिक्षात बॅग ठेवली, बाळासाठी घेतलेलं चांदीचं वाळं खिशात आहे ना ते चाचपलं, बसले, आणि परत उतरून माझ्यापाशी आले.

"सेकंडला तीनच्या आधी देऊ नका," ते म्हणाले. "दिलं तर खाईल ती. पण देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फर्स्टला भरवलं आणि दुपारी अडीचलाच परत जाऊन जमिनीवर बसलो. फर्स्ट वाळूत गाडून घेऊन झोपला होता. सेकंड काचेपाशी येऊन थांबली होती. तीन वाजल्यावर मी तिला कोळंबी दिली, हात पुसले आणि माझ्या अरुंद रकान्यात, शेजारच्या रकान्याला धक्का लागणार नाही अशा बारीक अक्षरात लिहिलं : 'दोघांनी खाल्लं. सेकंड खुशीत.'