'मी' म्हणजे कोण?

समोरच्या फ्लॅटमधल्या सावंतकाकांचं दार वाजवलं की आतून "कोण?" येतं. त्यावर आपण सगळेच देतो ते उत्तर तिथे चालत नाही.

"मी."

"'मी' म्हणजे कोण? अतिरेकीसुद्धा 'मी'च म्हणणार!"

मग मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं पूर्ण नाव सांगायचं. पुढचा प्रश्न "हेतू?" हा शब्द मी काकांकडूनच शिकले, शाळेत मराठी नव्हतं.

"आईने घावणे दिलेत," मी दाराच्या फटीत पुटपुटते.

"मोठ्याने!"

काकांनी सगळी नोकरी भारतात एका अणुवीज केंद्राच्या गेटवर केली. "हल्ला झाला का हो कधी?" बाबांनी एकदा विचारलं.

"नाही ना? तेच माझं काम!" काका ताठ होत म्हणाले. "अतिरेकी काय बंदूक मिरवत येतो? ओळखीच्या तोंडाने येतो. म्हणून साहेबाचाही पास रोज बघायचा. एक दिवस सोडला की खलास!"

काकू गेल्यावर मुलगा, नितीनदादा, त्यांना इथे मस्कतला घेऊन आला. गेट सुटलं, सवय सुटली नाही.

मागे त्यांनी लिफ्टपाशी एका ओमानी गृहस्थांना अडवलं. "पास?" ते बिल्डिंगचे मालक निघाले.

"बाबा, अर्बाब आहेत ते!" दादा हादरलाच. "उद्या घर खाली करायला लावतील. तुम्ही आपले गावीच बरे."

त्या संध्याकाळी काका लिफ्टपाशी कोणालाच न अडवता बसले होते. मी सहसा मान खाली घालून निघून जाते. त्या दिवशी थांबले. "गावी करमेल ना, काका?"

"गावी दार वाजवायला आहे कोण?" मग म्हणाले, "आमच्या हिला नाव विचारावं लागत नव्हतं. ती नुसतं 'मी' म्हणायची."

शुक्रवारी मालक पुन्हा आले. काकांनी नजर वर केली नाही. मालकच थांबले, खिशातून कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. "पास, बाबा!" मग शेजारी उभ्या दादाकडे वळून म्हणाले, "बाबा को इधरीच रखो. अच्छा आदमी."

गावी पाठवण्याचा विषय तिथेच संपला. आनंदाने आईने पुन्हा घावणे केले. मी दार वाजवलं.

"कोण?"

"मी," सवयीने निघून गेलं. जीभ चावून मी पूर्ण नावासाठी श्वास घेतला.

तोवर आतली कडी निघाली होती.