तात्यांची लेव्हल

आमच्या घरी येणारी माणसं आधी चपला काढत आणि मग राम राम करत. तात्या आधी बाटली काढत. खोकल्याच्या औषधाची चपटी बाटली, पोट किंचित फुगीर, आत पाणी आणि पाण्यात हरभऱ्याएवढा एकच बुडबुडा. बूच लाखेनं बंद केलेलं, मधोमध दोन काळे दोरे बांधलेले. ही बाटली ते जमिनीवर आडवी ठेवत, गुडघ्या-कोपरांवर ओणवे होत, एक डोळा मिटत आणि बुडबुडा दोन दोऱ्यांच्या मधे येतो का ते बघत. आमच्या घरात तो कधीच आला नाही.

"मास्तर, तुमची लेव्हल गेलीया," हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी नुकताच पुण्याहून भोरच्या इंग्रजी शाळेत आलो होतो. बी.ए. झाल्याचा ताठा अंगात होता. मला वाटलं, हा शेजारी माझ्याविषयीच बोलतोय. मी रागानं विचारलं, "म्हणजे काय?" तर म्हणाले, "हितं माठ ठेवू नगा. कलंडंल." मी हट्टानं माठ तिथंच ठेवला आणि तो चौथ्या दिवशी कलंडला.

त्यांचं नाव धोंडिबा, पण सगळं भोर त्यांना 'लेव्हल तात्या' म्हणे. संस्थानच्या बांधकामावर मुकादम होते. त्याआधी, धरणाचं काम निघालं तेव्हा मोजणीच्या साहेबाबरोबर रंगीत पट्टी धरून उभं राहायचं काम त्यांच्याकडे होतं. साहेब लांबवर तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि तात्या पुरुषभर उंचीची, बुडाला लोखंड बसवलेली पट्टी जमिनीवर टेकवून पुतळ्यासारखे उभे राहायचे. साहेबानं हात हलवला की पुढची जागा. चार वर्षं त्या साहेबाबरोबर काढून तात्यांनी इंग्रजीतला एकच शब्द घरी आणला होता. पण तो असा आणला होता, की दुसऱ्याची गरज पडू नये.

आमटीत मीठ जास्त झालं, तर आमटीची लेव्हल चुकली. अंगात ताप असला, तर लेव्हल चढली. आमचे हेडमास्तर सकाळी कुणावर तरी खेकसले, की तात्या मला दारातच सावध करायचे, "आज त्यांची लेव्हल हललीया, लई म्होरं जाऊ नगा." दोन भावांचं बांधावरून वाजलं, तर ते लेव्हलला आणायचे. न्हाव्यानं कल्ले खाली-वर ठेवले, तर तात्या त्याच्यासमोर गाल पुढं करून बसायचे आणि म्हणायचे, "लेव्हल कर, मगच उठतो."

कापूरहोळच्या फाट्यावर सर्व्हिस मोटार थांबली की हे उतरून लांब जाऊन उभे राहत आणि एक डोळा मिटून गाडीकडे बघत. एकदा त्यांनी एका वजनदार व्यापाऱ्याला डावीकडच्या बाकावरून उठवून उजवीकडे बसवलं होतं. व्यापारी चिडला, पण ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, बसा. त्यांनी हात हालीवल्याबिगर मी चाक फिरवीत न्हाई." व्यापारी निमूट बसला.

मार्गासनीच्या एका लग्नात तर कमालच झाली. अंतरपाट धरलेला, भटजींची मंगलाष्टकं सुरू, आणि तात्या बोहल्यावर चढून बाटली ठेवतायत. नवरदेवाची बाजू दोन बोटं खाली निघाली. "थांबा, जल्मभराचं काम हाय," म्हणत त्यांनी नवरदेवाला पाटावरून खाली उतरवलं आणि पाटाखाली कौलाचा तुकडा सरकवायला घेतला. भटजी कासावीस झाले, मुलीच्या बापानं हात जोडले. तात्या शांतपणे म्हणाले, "म्हूर्त दुसरा काढता येतोय. लेव्हल गेली की गेली." त्या जोडप्याचं अजूनही छान चाललंय. बायको रुसली की नवरा तात्यांनाच निरोप धाडतो.

हे सगळं मी हसत बघत होतो, पण इंग्रजीचा मास्तर म्हणून मला आतून थोडं लागतही होतं. वर्गात मी एका शब्दाचा एक अर्थ फळ्यावर लिहून देत होतो, आणि हा चौथी न शिकलेला माणूस एकाच शब्दावर अख्खा संसार चालवत होता. शेवटी मी एक वही केली. वरती मोठ्या अक्षरात 'लेव्हल' लिहिलं आणि खाली तात्यांकडून ऐकलेले अर्थ मांडत गेलो. सतरापर्यंत पोचलो तेव्हा माझाही स्वाभिमान जागा झाला. हेडमास्तरांकडून जाडजूड कोश मागून आणला आणि एका रविवारी तात्यांना समोर बसवून वाचायला लागलो.

त्यांना फार आनंद झाला. खेळात दोन्ही बाजू सारख्या झाल्या की लेव्हल, हे त्यांना एकदम पटलं. डोकं थंड असणाऱ्याला लेव्हल डोक्याचा म्हणतात, यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी आपल्या हेडमास्तरांचं न्हाई!"

"आणि घर पाडून जमीनदोस्त करणं, हेही लेव्हलच," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. "घर पाडलं तरी लेव्हल?"

"होय."

"साहेब लोकांचं काय सांगावं," ते हळूच म्हणाले. "ल्ह्या."

मी तो एकविसावा अर्थ लिहिला. मग बाविसावा आकडा घालून म्हणालो, "आता हा बघा, झकास आहे. माणूस लेव्हलवर आहे, म्हणजे खरं बोलतोय. आत एक, बाहेर एक असं नाही. लबाडी नाही."

तात्यांनी बाटली उचलली आणि धोतराच्या सोग्याला पुसली. "ह्यो ल्ह्यू नगा."

"का? चांगला अर्थ आहे."

"आसंल. आपल्या कामाचा न्हाई." आणि ते उठून गेले. तंबाखू संपली असेल असं मला वाटलं. बाविसाव्या आकड्यापुढची जागा मी मोकळी ठेवली.

तात्यांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेली होती. त्यांचं जे काही होतं ते सगळं त्यांच्या थोरल्या बहिणीभोवती होतं. ही सखूआक्का विधवा. धरणाच्या पाण्याच्या वर, टेकाडाच्या उताराला, दोन-तीन धनगरांच्या घरांशेजारी एका खोपटात ती एकटी राहायची. तिचं जुनं घर पाण्यात गेलेलं. तात्या तिला नवं घर बांधून देत होते, आणि अकरा वर्षं देतच होते. कारण दगडाचं जोतं पुरं झालं की तात्या बाटली ठेवत, बुडबुडा केसभर सरके आणि तात्या जोतं उखडायला लावत. असं तीन वेळा झालं होतं. गवंडी त्यांना बघून रस्ता बदलत. आक्का आता सत्तरीला टेकली होती, दम्यानं वाकली होती. त्या चैत्रात तिनं निरोप धाडला होता, "औंदा छप्पर चढलं न्हाई, तर म्या ह्या खोपटातनंच जानार वर. मग बांध मोकळ्या जाग्यावर."

त्या निरोपानं तात्या हादरले. महिनाभर गवंड्यांच्या पाया पडून त्यांनी चौथं जोतं उभं केलं. वैशाखातल्या एका रविवारी मलाही बरोबर नेलं, म्हणाले, "शिकल्याला मानूस साक्षीला असू द्या." आम्ही चालत गेलो. उन्हाळ्यानं पाणी बरंच मागं हटलं होतं आणि भेगाळलेल्या गाळातून जुन्या गावाचे चौथरे वर आले होते. तात्या त्या बाजूला बघत नव्हते.

जोतं झकास झालं होतं. छपराच्या मेढी उभ्या करायचं सामान येऊन पडलं होतं, गवंडी बिड्या ओढत बसले होते. तात्यांनी बाटली ठेवली, ओणवे झाले, एक डोळा मिटला. बराच वेळ गेला. मलाही दिसलं, बुडबुडा एका दोऱ्याला टेकला होता. टेकला होता एवढंच.

"काडा," तात्या म्हणाले. "ह्या अंगाचं सगळं काडा."

गवंड्यांनी बिड्या टाकल्या आणि चालायलाच लागले. तेवढ्यात आक्का खोपटातून आली, काठी टेकत जोत्यावर चढली आणि मधोमध फतकल मारून बसली.

"आता काड," ती म्हणाली. "माज्यासकट काड."

"आक्का, उठ. लेव्हल न्हाई त्ये."

"नसंना का. म्या बसले न्हवं? घसरले का?"

"तुला न्हाई कळायचं! योक डाव चूक झालीया माज्या हातनं!" तात्या ओरडले. आजवर मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. मग ते जोत्याच्या कडेला खाली बसले, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ओकून टाकावं तसं बोलायला लागले. आमच्याकडे बघत नव्हते.

मोजणी आक्काच्या दारात आली तेव्हाची गोष्ट. पाण्याची खूण बरोबर तिच्या अंगणातून जाणार होती. आक्का आदल्या रात्रभर रडलेली, नवऱ्यानं बांधलेलं घर सोडायचं नाही म्हणून. साहेब लांब टेकाडावर. तात्यांनी पट्टी जमिनीवर टेकवायच्या ऐवजी दाराशी पडलेल्या तिच्या वाटणाच्या पाट्यावर टेकवली. वरून पायानं माती ओढली. पट्टी उंच जागी उभी केली की घर तेवढं उंच भरतं. चार बोटं. साहेबानं आकडा लिहिला, हात हलवला आणि आक्काचं घर कागदावर खुणेच्या वर गेलं.

"खुनंच्या खालच्यांना दुसरीकडं जमिनी मिळाल्या, जागा मिळाली," तात्या म्हणाले. "हिचं घर कागदावर कोरडं. हिला कोन काय देनार? अन् धरण झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात पानी आलं. उंबऱ्यावर चार बोटं. तेवढंच, मास्तर. जास्ती एक बोट न्हाई. मातीच्या भिताडांना तेवढं पुरलं."

गवंडी थांबले होते. सगळ्या गावाच्या जमिनींवर बाटली ठेवत फिरणाऱ्या या माणसाला मी इतके दिवस हसत होतो, त्याची मला लाज वाटली.

आक्का मात्र शांत होती. "झालं सांगून?" ती म्हणाली. "म्हाईत हाय मला."

तात्यांनी मान वर केली.

"आरं, माज्या पाट्यावर पट्टी हुबी केलीस, अन् मला कळनार न्हाई? त्याच सांजला मिरची वाटाया बसले, तर पाट्यावर लोकंडाचा वण. माती भरल्याली. म्या काय येडी हाय?"

"मग बोलली न्हाईस ती?"

"काय बोलू? वाटलं, चार बोटं का हुईना, भावानं वर उचललं मला. दुसऱ्या कुनी उचललं हुतं?" तिला दम लागला. जरा थांबून म्हणाली, "तू सांगशील म्हून वाट बगत हुते. तू आपला दगडं उकरत बसलास."

तात्या रडले. मोठा माणूस रडतो तसे, तोंड टोपीत घालून. आक्कानं त्यांना रडू दिलं. मग मला म्हणाली, "मास्तर, तेवडा खोपटातला पाटा आना बरं हिकडं."

पाटा तोच होता. घर पडलं तेव्हा तिनं गाळातून तेवढाच काढलेला. एका कडेला तो वण अजून दिसत होता. मी तो धापा टाकत आणला आणि ती दाखवेल त्या कोपऱ्यात, चुलीच्या जागी, ठेवला. आक्कानं मिरच्या, लसूण, मीठ घेतलं आणि वरवंटा फिरवायला लागली. दोन फेऱ्यांत थांबली.

"धोंडू, पाट्याखाली चीप लाव. पल्याडच्या अंगानं."

"आं?"

"लेव्हलला पाटा ठेवून वाटाया येतंय व्हय? वाटन आपल्याकडं उतराया नगं? इतका तुजा साहेब, त्यानं येवडं बी न्हाई शिकीवलं?"

गवंडी पहिल्यांदा हसले. तात्या उठले, नाक पुसलं, एक चपटा दगड शोधला आणि गुडघ्यावर बसून पाट्याखाली सरकवला. मग बोटं लावून उंची बघितली. सवयीनं हात बाटलीकडे गेला, तिथंच थांबला, आणि बाटली त्यांनी बंडीच्या खिशात टाकली.

"मेढी घ्या रं," ते गवंड्यांना म्हणाले.

मिरगाच्या आत त्या घरावर छप्पर चढलं. त्या दुपारी मात्र आम्ही नुसत्या जोत्यावर बसून, डोक्यावर ऊन घेत ठेचा-भाकरी खाल्ली. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं आणि ते दर घासाला सांगत होते की मिरची लई तिखट आहे. आक्का म्हणाली, "व्हय, यंदा तिखाटच आलीया."

परतताना धरणाच्या कडेनं आलो. या खेपेला तात्या थांबले आणि गाळातल्या चौथऱ्यांकडे नीट बघून घेतलं. पुढं मैलभर चाललो. मग एकदम म्हणाले, "मास्तर, वहीत बाविसावी जागा मोकळीच हाय न्हवं?"

"आहे."

"ल्ह्या त्यो."

घरी पोचल्यावर मी चपला काढायच्या आधी वही काढली.