आरशावरून गायब झालेले ‘आम्ही’

“भिंतींना कान असतात, पण नाक फक्त मला आहे!” असं म्हणून मामाने ते नाक बाथरूमच्या आरशाला टेकवलं.

मामा खासगी गुप्तहेर होता. इतका खासगी, की घराबाहेर कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. भाची त्याची सहायक. पगार शून्य, टोमणे मुबलक.

आज मात्र तिचाच जीव टांगणीला लागला होता. शाळेत स्पॅनिशची तोंडी परीक्षा होती. पास झाली तर वर्गाच्या नाटकात भूमिका, नाहीतर पडदा ओढायचं काम! क्रियापद ‘उठणे’. स्पॅनिश माणूस नुसता उठत नाही, स्वतःला उठवतो. त्यातून संकेतार्थ, म्हणजे उठेल की नाही याची खात्रीही नाही. त्याची सहा रूपं तिने सहा चिठ्ठ्यांवर लिहून आरशावर चिकटवली होती, दात घासताना घोकायला. त्यातली नेमकी ‘आम्ही उठलो असतो’ गायब! आणि नेमकी तीच तिच्या डोक्यात टिकत नव्हती.

“चोर पहाटे उठणारा आहे,” मामा म्हणाला. “म्हणजे आजोबा!”

“आजोबा परवापासून आत्याकडे आहेत.”

“बघ, फरारसुद्धा झाले!”

मग मोर्चा इस्त्री करणाऱ्या आईकडे वळला. “उलटतपासणी स्पॅनिशमध्ये घे,” मामा कुजबुजला. “संशयिताला प्रश्न कळता कामा नये.”

“मग ती उत्तर कसं देणार?”

“तोच तर सापळा!”

भाचीने कपाळाला हात लावला आणि विचारलं, “ते लेवान्तारीआस?” तू उठली असतीस का?

“काय गं?” आई म्हणाली.

“टाळतेय! तुम्ही दोघी सामील आहात. कबूल करा, चिठ्ठी चोरायला पहाटे उठलात!”

भाचीचं डोकं सटकलं. “नोस लेवान्तारीआमोस, मामा! उठलो असतो की! पण उठायला आधी झोपावं लागतं. तू रात्रभर घोरलास, आमचा डोळा लागला कुठे?”

मामा डगमगला नाही. खुर्चीत बसून, पायावर पाय टाकून त्याने जाहीर केलं, “यामागे परदेशी टोळी आहे.”

“टोळीचं राहू दे,” आई म्हणाली. “चपलेच्या तळाला काय चिकटलंय तुझ्या?”

चिठ्ठी! भिजलेली, काळीठिक्कर.

“तासभर कढत पाण्याने आंघोळ करतोस. वाफेने डिंक सुटणार नाही तर काय होईल?”

“पाहिलंत?” मामा म्हणाला. “पुरावा माझ्या पावलावर पाऊल टाकत आला!”

चिठ्ठीवरचं एकही अक्षर लागत नव्हतं. रागाच्या भरात आपण तेच रूप बोलून गेलो, हे भाचीच्या ध्यानातही आलं नव्हतं; ती रडवेली होऊन शाळेला गेली.

आणि बाईंनी विचारलं तेही नेमकं ‘आम्ही’! तिने डोळे मिटले. कानात मामाचं घोरणं घुमलं, अंगाचा तिळपापड झाला आणि तोंडातून गोळीसारखं सुटलं, “नोस लेवान्तारीआमोस!”

“शाबास!” बाई दचकून म्हणाल्या. “पण इतकं रागावून कशाला?”

संध्याकाळी ती नाचतच घरात शिरली. “नाटकात घेतलं मला! गुप्तहेर झालेय!”

मामाचे डोळे पाणावले. “उद्यापासून तुला मी शिकवतो.”

“नको!” मायलेकी एकदम ओरडल्या.