दिवाणखान्यातले जंतू

दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची आठफुटी टाकी ठेवायला सिस्टरनी परवानगी दिली, ती एकाच अटीवर. एक जरी मासा दगावला, तर टाकी भंगारात. सिस्टर म्हणजे टाकीची हौस असलेल्या, ऑफिसात नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनची बायको. हॉस्पिटलात जंतुसंसर्ग रोखायचं खातं त्यांच्याकडे असल्यामुळे घरीही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नवरा जरा हळू आवाजात म्हणे.

खरी गोम दुकानदारानं टाकीचे पैसे घेतल्यावर सांगितली. "साहेब, माशांची घाण पचवतात ते जंतू. फिल्टर म्हणजे त्यांचं बिऱ्हाड. प्लॅस्टिकचे गोळे घ्या, स्पंज घ्या, नाहीतर हे समुद्रातले जिवंत दगड."

"सगळ्यांत जास्त जंतू कशात?"

"दगडांत. पण मासे लगेच सोडू नका. आधी एक कोळंबी पाण्यात कुजू द्या. जंतूंना खायला लागतं ना!"

ड्राफ्ट्समननं दगड 'शोभेचे' म्हणून घरात आणले आणि कोळंबी जुन्या पायमोज्यात बांधून त्यांच्यामागे दडवली. आठवडाभरात तिनं आपलं अस्तित्व नाकानाकाला कळवलं.

"अहो, तुमचे मोजे कुठायत?"

"पायात."

"मग टाकीत कोणाचा पाय आहे?"

"बघतो संध्याकाळी," म्हणत तो ऑफिसला सटकला. परतला तेव्हा टाकी लखलखत होती आणि दगड बाल्कनीत पांढरेफटक वाळत पडले होते.

"दिवसभर जंतुनाशकात बुडवले," सिस्टर अभिमानानं म्हणाल्या. "एक जंतू सापडला तर नाव बदलीन!"

ड्राफ्ट्समननं एक दगड उचलून हुंगला. "अगं, तेच तर पाळले होते!"

मग त्यानं सगळं ओकून टाकलं.

"किती होते?"

"कोट्यवधी."

"माझ्या दिवाणखान्यात?"

"त्यांच्याशिवाय मासे मरणार. मग टाकी भंगारात. तुझीच अट."

ज्या कामाबद्दल हॉस्पिटलात शाबासकी मिळे, त्याचा सिस्टरना प्रथमच पश्चात्ताप होत होता. "म्हणजे मी अख्खा वॉर्ड मारला?"

नवे दगड त्यांनी स्वतः आणले. कोळंबीही स्वतः निवडली. रोज पाणी तपासलं आणि घाणीतला विषारी अमोनिया शून्यावर येईपर्यंत एकाही माशाला दाखल करून घेतलं नाही. अखेर दोन मासे आले. ड्राफ्ट्समन हात स्वच्छ धुऊन टाकीकडे धावला.

"थांबा! साबण लावलात?"

"वीस वर्षं तूच शिकवलंस ना!"

"ते माणसांसाठी. माझ्या जंतूंना काही झालं म्हणजे?"

आता टाकीवर पाटी आहे : भेटण्याची वेळ चार ते सहा. ड्राफ्ट्समनचं ऑफिस सहाला सुटतं.