पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ

पहिल्या तीस प्रश्नांपर्यंत शिवणवाल्या मावशींचं छान चाललं होतं. मग निम्मा वेळ सरला, संगणकाच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यातले उरलेल्या वेळेचे आकडे लाल झाले आणि मावशींची नजर तिथेच अडकली. साठ प्रश्न, साठ मिनिटं. पदवीचा हा एकच विषय राहिला होता, दोनदा हुकलेला. या खेपेला नाही सुटला तर नावनोंदणीची मुदतच संपणार होती. दोन्ही वेळा घात केला तो या आकड्यांनीच. ते भराभर उतरायचे, मावशी त्यांच्याकडे बघत बसायच्या आणि प्रश्न बिचारे ताटकळायचे.

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं नाही. कॉपी करायची असती तर पाहिलं असतं. बाहीला टाचणीने टोचलेली एक चिठ्ठी काढली, मधोमध दुमडली आणि पडद्याच्या वरच्या कडेवर अशी अडकवली की घड्याळ झाकलं गेलं. जिवाला एकदम बरं वाटलं. एकतिसावा प्रश्न सुटला. बत्तिसावाही.

तेहतिसाव्याला पर्यवेक्षिका येऊन उभी राहिली. तरुण मुलगी, पहिलीच ड्यूटी, मावशींहून जास्त घाबरलेली.

"काय लपवलंय?"

"वेळ," मावशी म्हणाल्या.

मुलीने चिठ्ठी ओढली. आत नुसते आकडे. तिचा चेहरा उतरला.

"ही उत्तरं आहेत?"

"मापं आहेत, मॅडम. शर्टाची. माप घेतलं की चिठ्ठी बाहीला टोचायची सवय. सकाळी तशीच आले."

"दारात तपासलं नाही कुणी?"

"तपासलं की. पर्स घेतली, चष्म्याचं घरसुद्धा घेतलं. बाहीकडे कोण बघतंय?"

"पण मापंच आहेत हे मी कशावरून मानू?"

मावशींनी तिला एकदा नजरेने मोजलं. "तुमची बाही साडेवीस. आणि उजवा खांदा शिंप्याने अर्धा इंच मोठा काढलाय. सकाळपासून वर ओढून ओढून दमला असाल."

मुलीचा हात खांद्यावरच होता. तो तिने हळूच खाली घेतला.

तरीही कागद काही चालणार नव्हता. चिठ्ठी जप्त झाली आणि घड्याळ पुन्हा उघडं पडलं: वीस मिनिटं, अठ्ठावीस प्रश्न. मावशींचा हात माऊसवर तसाच थिजला.

"लेकीला सांगून आलेय, या वेळी घड्याळाकडे बघणार नाही म्हणून," त्या पुटपुटल्या. "पण ते माझ्याकडे बघतं ना."

मुलीला त्यांची फार दया आली. कागदाबद्दल नियम होता. हाताबद्दल काही आहे का, म्हणून तिने सूचनापत्रक मनातल्या मनात दोनदा वाचलं. काही आठवेना. मग तिने सरळ आपला पंजा पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवला.

केंद्रप्रमुख दारातून डोकावले. "तिथे काय चाललंय?"

"पडदा हलतोय, सर."

त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

मावशी सुटल्या. प्रश्न वाचायचा, टिचकी मारायची, पुढचा घ्यायचा. मुलीच्या दंडाला रग लागली, तेव्हा तिने हात बदलला, पण आकडा दिसू दिला नाही. साठावा प्रश्न झाला आणि तिने हात काढला. अजून चार मिनिटं होती. तीन खेपांत मावशी शेवटच्या प्रश्नापर्यंत आज पहिल्यांदाच पोचल्या होत्या. डोळे पुसत त्यांनी पेपर जमा केला.

"मॅडम," शेजारचा दाढीवाला विद्यार्थी कुजबुजला. तासभर त्याच्या टिचक्यांच्या आवाजाने मावशींना धडकी भरली होती. "माझे नऊ राहिलेत. आता हात इकडे ठेवता का?"

मुलीने दुखरा हात झटकला आणि त्याच्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिली.