तीन काळ्या शाया

पुण्यातलं एसी दुकान, काचेचं टेबल, पलीकडे टाय बांधलेला विक्रेता. आप्पांनी कापडी पिशवीत हात घातला आणि टेबलावर फुटक्या मडक्याचं एक खापर ठेवलं. त्याच्या शेजारी नारळाची करवंटी. तिच्या शेजारी जुन्या छत्रीच्या कापडाचा तुकडा. विक्रेता खुर्चीसकट वीतभर मागं सरकला. हा माणूस करणीबिरणी करायला आलाय, अशी त्याची खात्रीच पटली असणार.

"घाबरू नगा," आप्पा म्हणाले. "ह्ये तीन काळे हायेत. तुमच्या प्रिंटरला तिन्ही येगळे छापता आले तर पुढचं बोलू. तिन्ही एकसारखे छापले, तर मशीन आंधळी हाय. हद्द कायम!"

मी शेजारी उभा होतो. लाज वाटावी की टाळ्या वाजवाव्यात, ते ठरत नव्हतं. आज विचाराल तर टाळ्या.

दत्तूआप्पा शेडगे म्हणजे भोरातले माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. मोजणी खात्यातून रिटायर झालेले. भोर आणि वेल्ह्याचे डोंगर त्यांनी साखळी टाकून, टेप धरून पायाखाली घातले. दोन भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे असले, तरी आप्पांनी माप काढून दगड रोवला आणि "हद्द कायम!" म्हटलं की कुऱ्हाडी खाली व्हायच्या. नोकरी संपली, पण खातं काही त्यांच्या जिभेवरून उतरलं नाही. हॉटेलात एक चहा मागवतील आणि वेटरला सांगतील, "ह्याचा पोटहिस्सा करून दोन कपात आन." एसटीत शिरले की रिकाम्या जागेवरच्या रुमालाकडे बोट दाखवून विचारतील, "ह्या सीटचा कब्जेदार कोन?" आणि कब्जेदार सापडला नाही, तर बसतील.

दुसरा नाद फोटोचा. मोजणीला जाताना खांद्यावर साखळी आणि गळ्यात कॅमेरा. बांधावरची माणसं, भाताची खाचरं, दारातली म्हातारी, सगळं टिपायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, डिजिटल कॅमेरा घेतला, आणि दोन वर्षं एकच ध्यास घेतला: घरात दोन फूट रुंदीचा फोटो छापणारा प्रिंटर. छापायचा होता एकच फोटो. सुभद्राकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. दोन बाय तीन फूट, समोरच्या खोलीत, दारातून आल्याआल्या दिसेल असा.

आता तुम्ही म्हणाल, एका फोटोसाठी मशीन कशाला, लॅबमध्ये द्यावा. तो दिलाच होता. तिथूनच तर सगळं रामायण सुरू झालं.

सुभद्राकाकू वेल्ह्यातल्या पासली गावच्या. रंग काळा. सावळा, निमगोरा असली लाडीगोडी नाही, काळाच. आणि अंगावरून पाणी ओघळलं की चमकणारा. आप्पांनी भातलावणीत त्यांचा एक झकास फोटो काढला होता, तो त्यांनी काकूंच्या नकळत शहरातल्या एका लॅबमध्ये मोठा करायला टाकला. आठवड्यानं फोटो आला. काकूंचा चेहरा पिठाच्या डब्यातून काढल्यासारखा! लॅबवाल्यानं फोनवर मोठ्या खुशीत सांगितलं, "काका, मावशींना गोरं करून दिलंय. त्याचं जादा काही नाही."

आप्पांचं डोकं फिरलं. पण फोटो घरी न्यायचा तर काकू बघणार, म्हणून तो त्यांनी आमच्या बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे ठेवायला दिला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस जिवंत असेतो त्याचा फोटो अल्बमात, नाहीतर पत्र्याच्या पेटीत. भिंतीवर एवढा मोठा फोटो एकाच कारणानं चढतो. फ्रेमवाल्याच्या हातून असे शेकडो गेलेले. त्यानं कुणाला काही न विचारता फ्रेम केली, चंदनाचा हार घातला आणि सुकत ठेवावा तसा फोटो दुकानात दर्शनी टांगून दिला.

त्याच दिवशी पासलीचा एक माणूस कामाला भोरात आला होता. त्यानं फोटो पाहिला, हार पाहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि थेट गावाकडची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आळीत जीप थांबली. जीपमधून काकूंचा धाकटा भाऊ सोपान, दोन भावजया आणि आणखी सहासात माणसं उतरली, ती गळा काढतच. येताना त्यांनी फ्रेमवाल्याकडून फोटो उचलून आणला होता, तो सोपानच्या छातीशी. दार वाजलं. दार उघडलं सुभद्राकाकूंनी. हाताला भाकरीचं पीठ.

सोपान तिथंच उंबऱ्यावर बसला. 

"काय रं, कोन गेलं?" काकूंनी विचारलं. काकूंनी फोटो हातात घेतला, हार बाजूला सारला आणि नीट बघितलं. "ही कोन बया? हिच्यासाठी रडताय व्हय?"

"अक्का, आगं तूच की ती!"

"मी? मी येवढी पांढरी कदी हुते? मेल्यावर बी व्हायची न्हाई!" मग वळून आत ओरडल्या, "अवो, भाईर या! तुमच्या मेव्हण्याला सांगा मी हाय का गेले!" आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "आलाच हायसा तर आता जेवून जावा. भाकरी टाकतीच हाय."

दहा माणसं काकूंच्या पंक्तीला काकूंच्याच हातचं जेवून गेली. पण त्या दिवशी त्या घरात दोन निकाल लागले. काकूंनी सांगितलं, "म्या जित्ती हाय तवर माझा मोठा फोटो भिंतीवर लावायचा न्हाई." आणि आप्पांनी सांगितलं, "माझी मशीन असंल, माझी शाई असंल, आन ही हाय तशी छापीन. हद्द कायम!" दोघांच्या हद्दी एकमेकींना आडव्या. आणि मधे, साक्षीदार म्हणून, मी.

तर अशी सुरू झाली ती शोधमोहीम. मी शाळामास्तर, म्हणून महिन्यातून एकदा आप्पा शाळेच्या सुट्टीचा दिवस बघून मला उचलायचे. पिशवीत खापर, करवंटी, छत्रीचं कापड, या तिघांचे आणि काकूंचे फोटो भरलेला पेनड्राइव्ह, टेप आणि नकाशे तपासायचं जुनं भिंग. प्रत्येक दुकानात तोच खेळ. विक्रेता विचारायचा, "फ्लेक्सचा धंदा टाकताय का काका?" आप्पा म्हणायचे, "न्हाई. घरात भिंत हाय." मग तो मशीनमधून नमुन्याचा फोटो काढून दाखवायचा. दर दुकानात एक तर लालहिरवा पोपट असायचा, नाहीतर फुलांची टोपली घेतलेली कुणी गोरी बाई.

"पोपट कुनालाबी छापता येतो," आप्पा भिंग खिशात ठेवत म्हणायचे. "माजी बायकू छापून दावा."

चार शायांचा प्रिंटर पाहिला. त्यात काकू तपकिरी आल्या. सहा शायांचा पाहिला, त्यात गाल हिरवट. एकात केस, अंबाडा आणि मान यांचा मिळून एकच काळा डाग. "गुर्जी, ह्यात मानूस कुठं संपला आन केस कुठं सुरू झालं, दावा बरं मला. हद्दच न्हाई!" विक्रेते थकले. काही दुकानांत आम्ही दिसताच मुलं आतल्या खोलीत चहाला जायची.

परतीच्या एसटीत एकदा मी वैतागून विचारलं, "आप्पा, थोडं उजळ आलं तर बिघडलं कुठं?"

आप्पांनी मांडीवरची पिशवी सावरली. म्हणाले, "पासलीत हिच्या बापाचं खाचर मोजत हुतो. ऐन भरात साखळी टाकली, दगड रोवला. ही चिखलातनं वर आली आन म्हनली, सायेब, तुमचा दगड चुकलाय, खरा दगड त्या जांभळीच्या बुडात गाडलाय. म्या उकरलं. हुता! सगळ्या गावाम्होरं माझं माप चुकवलं हिनं. आन हिच्याशीच लगीन करनार म्हनून घरी सांगितलं, तर आई म्हनती, समदं खरं, पन पोरगी काळी हाय." मग म्हणाले, "चाळीस वर्सं ज्यो त्यो हिचा रंग धुवायला बघतो. लॅबवाला बी त्यातलाच."

त्यानंतर मी उजळपणाचं नाव काढलं नाही.

आणि मग सापडला. आठ शायांचा, त्यातल्या तीन काळ्या: एक गडद, एक फिकी, एक त्याहून फिकी. विक्रेत्यानं हे सांगितलं मात्र, आप्पा खुर्चीतून उठले. "तीन काळ्या? तिकडं कंपनीत कुनीतरी शहाना मानूस बसलाय, गुर्जी!" खापर छापलं, खापर आलं. करवंटी छापली, करवंटी आली. छत्रीचं कापड तर असं आलं, की त्यावर विरलेला धागाही दिसला. आप्पांनी भिंगातून पाहिलं, विक्रेत्याला पाहायला लावलं, मला लावलं, शेवटी दारावरच्या वॉचमनलाही आत बोलावलं.

मशीन चार फूट लांब आणि पायांवर उभी. आप्पांनी घराचा नकाशा काढून त्यात तिचा पोटहिस्सा आधीच आखून ठेवला होता. तो काकूंच्या देवघराला आणि पलंगाला खेटून जात होता. "म्हंजी मी झोपायचं कुठं, मशीनच्या पोटात?" काकूंनी विचारलं. पलंग हलला. देवघर हललं नाही.

येताना टेम्पोवाला कापूरहोळला भोरकडं वळायचं विसरला आणि प्रिंटर घेऊन हायवेनं सरळ पुढं किकवीला जाऊन चहा पीत बसला. इकडे आप्पा आळीच्या तोंडाशी हातात टेप घेऊन उभे. शेवटी मशीन आली, सहा जणांनी उचलली, दारातून आत गेली ती दोन्हीकडं बोट बोट जागा ठेवून. आप्पांनी आमच्याकडं असं पाहिलं, जणू घर बांधतानाच दार त्यांनी मशीनच्या मापानं मोजून घेतलं होतं.

काकूंनी फोटो काढून द्यायचं नाव घेतलं नाही. लावणीतला जुना फोटो आप्पांनी छापला असता, पण दुकानातले वीतभर नमुने वेगळे; भिंतीवरचा मोठा फोटो बायकोच्या संमतीशिवाय छापील तो मोजणीदार कसला? आणि मशीन बंद ठेवली की शाई वाळते. म्हणून आप्पांनी आळी छापायला घेतली. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला डकवलं; फोटो अर्धा बाहेर आणि लाईट गेली तर कागद फुकट. समोरचे हसनभाई तांबोळी पानाच्या गादीवर बसलेले, भोंगवलीची भाजीवाली, माझी आई लसूण सोलताना. सगळी जिती माणसं, आपापल्या रंगाची. हसनभाई स्वतःचा फोटो बघून म्हणाले, "आप्पा, हा माणूस उधारी मागायच्या तयारीत दिसतोय!" हळूहळू आमच्या आळीत घराघरात हसत्या-खेळत्या माणसांचे मोठे फोटो लागले. हार नाही, काही नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की दचकायचा, मग ज्याचा फोटो तोच चहा घेऊन यायचा. अशी आळी तुम्ही आणखी कुठं पाहिली असेल तर मला कळवा.

फक्त आप्पांची भिंत मोकळी. मशीन घेतली जिच्यासाठी, तिनं होकार दिला नव्हता.

एका रविवारी काकूंनी मला हाक मारली. "गुर्जी, या. मला फोटू काढायचाय." आप्पा कॅमेरा घ्यायला धावले. "तुमी न्हाई. गुर्जी काढतील. एकलीचा फोटू भिंतीवर चढला की मानूस गेलेलं दिसतं. तुमी शेजारी हुबं ऱ्हावा, मगच."

आप्पा जागच्या जागी थांबले. "माझा नको गं."

"का नको?"

"ही मशीन देवीचं वण छापायला घेतली न्हाई."

तेव्हा मला दिसलं. देवीचे व्रण. आप्पांच्या कपाळावर, गालावर, हनुवटीवर. तीस वर्षं शेजारी राहून माझ्या डोळ्यांना ते दिसायचे बंद झाले होते. आणि हेही तेव्हाच लक्षात आलं, की त्या घरातल्या हजारो फोटोंत आप्पा एकाही फोटोत नव्हते. नोकरीच्या ओळखपत्रावरचा टिकलीएवढा सोडला, तर कुठंच नाही.

"माझा काळा भिंगानं तपासत दोन वर्सं हिंडलासा," काकू म्हणाल्या. "मग तुमचं वण काय लॅबवाल्याकडं धाडायचं? हुबं ऱ्हावा."

मी फोटो काढला. आप्पा ताठ, नजर कुठंतरी छपराकडं. काकू हसत होत्या. लाईट यायला तासभर होता. मग लाईट आली आणि मशीन सुरू झाली.

मोठा फोटो एकदम येत नाही. वरून खाली, बोटबोटभर येतो. आप्पा उंच, म्हणून आधी त्यांचे पांढरे केस आले. मग कपाळ. आणि मशीन तीन काळ्या शायांची, कष्टानं निवडलेली! एकेका व्रणाची कड, खोलगटपणा, सावली, सगळं येऊ लागलं. आप्पांनी पाहिलं. त्यांचा हात बंद करायच्या बटणाकडं गेला.

काकूंनी ते मनगट धरलं. "येऊ द्या."

आम्ही उभे राहिलो. आप्पांचे डोळे आले, गाल आले, मग त्यांच्या खांद्याच्या उंचीवर काकूंचं कपाळ, कुंकू, हसणारं तोंड. ज्या काळ्यासाठी दोन वर्षं पायपीट केली होती तो काळा, चिखलातून वर आलेल्या मुलीचा. मी ओरडणारच होतो, काकू आल्या! पण काकू स्वतःकडं बघतच नव्हत्या. त्यांनी चष्मा लावला होता आणि कागदावरून बोट न टेकवता फिरवत होत्या. कपाळ, डावा गाल, हनुवटी.

"समदे आलेत," त्या म्हणाल्या. "येकबी ऱ्हायला न्हाई."

मग त्या चहा टाकायला आत गेल्या. मी खिळा आणि हातोडी घेऊन समोरच्या खोलीत आलो. आप्पा मागून आले. जमिनीपासून किती उंचीवर खिळा मारायचा, ते मोजायला त्यांनी टेप भिंतीला लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि टेप माझ्या हातात दिली.

"तुमीच वाचा, गुर्जी," ते म्हणाले. "मला आकडा दिसंना झालाय."